उच्चांकानंतर ओहोटी येतेच का?

पनवेल-उरणच्या खाडीकाठी राहणाऱ्या मुलांना भरती-ओहोटीचा धडा पुस्तकातून शिकवावा लागत नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर, आणि आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटे उशिरा येणार, हे त्यांना मासेमारी करणाऱ्या आजोबांकडूनच कळलेले असते. न्हावा शेव्याला उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते व तितकीच उतरते. पाणी वर चढून थांबल्यासारखे झाले की खाडीकाठचा कोणीही माणूस बेधडक सांगेल, ‘आता ओहोटी लागणार.’ त्याचे भाकीत चुकत नाही. कारण पाण्याला वर खेचणारा चंद्र आहे, त्याचे भ्रमण ठरलेले आहे, आणि उतरलेले पाणी पुन्हा त्याच पातळीच्या आसपास परत येते.

आता त्याच किनाऱ्यावरची दुसरी एक मोजणी पाहू. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. या बंदरातून वर्षभरात किती कंटेनर गेले-आले, याचा हिशेब ठेवला जातो. वीस फुटी डबा एक धरतात, चाळीस फुटी डबा दोन. या हिशेबाने २०१८-१९ साली सुमारे ५१ लाख डबे हाताळले गेले. तो तेव्हाचा उच्चांक होता. पुढच्या वर्षी आकडा ५० लाखांवर उतरला आणि २०२०-२१ या साथीच्या वर्षात ४७ लाखांवर आला. भरतीनंतरची ओहोटीच ही, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. परंतु २०२१-२२ साली ५७ लाख, मग साडेसाठ लाख, मग ६४ लाख, आणि २०२४-२५ साली ७३ लाख असे आकडे आले. सलग चार वर्षे चार नवे उच्चांक. २०२२ साली एखाद्याने ‘बंदर शिगेला पोचले, आता उतरण सुरू’ असे म्हटले असते, तर तो तोंडघशी पडला असता. पाणी तेच, धक्का तोच. पण एका मोजणीत उच्चांकानंतर उतार ठरलेला आहे आणि दुसरीत तो ठरलेला नाही.

हा फरक सांगण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे एक प्रश्न मला वर्गात आणि वर्गाबाहेर पुनःपुन्हा विचारला जातो. या पट्ट्यात बंदरासाठी, रस्त्यांसाठी, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाटा येथे झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या पिकते. तिच्या बदल्यात मिळालेली रक्कम मात्र एकदाच येते. ती संपली की संपली. अशा एका घरातील विद्यार्थ्याने मला विचारले, ‘‘सर, बाबांकडे एकरकमी पैसे आले आहेत. पेपरात रोज येते की शेअर बाजार विक्रमी उच्चांकावर. काका म्हणतात, आता घालू नका, ओहोटी लागू द्या, मग घेऊ. बरोबर आहे का?’’ प्रश्न पैशाचा दिसत असला तरी त्यातील खरा पेच आपल्या विषयातला आहे: शेअर बाजार भरतीसारखा आहे, की डब्यांच्या मोजणीसारखा, की आणखी कशासारखा?

एक नाणे आणि एक वही

याचे उत्तर शोधायला एक नाणे, एक वही आणि पाऊण तास पुरेसा आहे. वहीत शून्यापासून सुरुवात करा. नाणे उडवा. छापा पडला तर एक पायरी वर, काटा पडला तर एक पायरी खाली. प्रत्येक वेळी आपण कितव्या पायरीवर आहोत ते लिहा, आणि पूर्वी कधीही न गाठलेल्या उंच पायरीवर पोचलात की त्या आकड्यापुढे चांदणी काढा. ही चांदणी म्हणजे तुमच्या वहीतील ‘विक्रमी उच्चांक’. नाणे शंभर वेळा उडवा.

नाण्यात वर जाण्याची कोणतीही ओढ नाही. तरीही अनेकांच्या वह्या एकत्र केल्या तर शंभर फेकींत प्रत्येकी सरासरी सात-आठ चांदण्या मिळतात. चारशे फेकी केल्या तर पंधरा-सोळा. फेकी चौपट केल्या की उच्चांक दुप्पट होतात.

याची तुलना पावसाशी करा. हवामानातील दीर्घकालीन बदल सोडून दिला, तर यंदाचा पाऊस गेल्या वर्षीच्या पावसावर फारसा अवलंबून नसतो. मग दुसऱ्या वर्षी नवा उच्चांक होण्याची संभाव्यता १/२, तिसऱ्या वर्षी १/३, शंभराव्या वर्षी अवघी १/१००. ही सर्व भागांची बेरीज (पहिले वर्ष आपोआपच उच्चांक असल्याने त्याचे १ धरून) करून पाहा, ती ५.२ च्या आसपास येते. म्हणजे शंभर वर्षांत पावसाचे सुमारे पाचच विक्रम. पाऊस कालचे सारे विसरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आपले नाणेही विसराळूच आहे, परंतु आपली पायरी विसरत नाही. आपण जिथे पोचलो तिथूनच पुढची चाल. म्हणून उच्चांक जास्त येतात.

आता तुमच्या चांदण्या कुठे पडल्या आहेत ते पाहा. त्या सारख्या अंतराने विखुरलेल्या दिसणार नाहीत. दोन-तीन चांदण्या लागोपाठ, मग कितीतरी फेकी एकही नाही, मग पुन्हा एक घोळका. कारण सरळ आहे. ज्या क्षणी तुम्ही सर्वोच्च पायरीवर उभे आहात, त्या क्षणी पुढची फेक छापा पडली की लगेच नवा उच्चांक, आणि त्याची संभाव्यता अर्धी आहे. एकदा का खूप खाली घसरलात की परत वर यायलाच पुष्कळ फेकी जातात. वर्तमानपत्रांत ‘नवा उच्चांक’ हा मथळा आठवडाभर रोज येतो आणि मग वर्ष-वर्ष येत नाही, त्याचे निम्मे रहस्य इथेच आहे.

काकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. उच्चांकावर उभे असताना पुढची फेक काटा पडण्याची संभाव्यता किती? अर्धी. तळाशी उभे असताना किती? तीही अर्धी. आपण किती उंचावर आहोत हे नाण्याला माहीत नसते. त्याच्यामागे चंद्र नाही.

ओढ आणि थरथर

पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या तरुण गणितज्ञाने १९०० साली आपल्या प्रबंधात रोख्यांच्या किमतींचा विचार नेमक्या अशाच चालीने केला. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या ब्राउनीय गतीचे गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. दोहोंचा गाभा एकच आहे. भौतिकीच्या माणसाला अभिमान वाटावा आणि थोडी असूयाही, अशी ही गोष्ट. बाजाराचे गणित रेणूंच्या गणिताच्या पाच वर्षे आधी झाले!

या चालीचा मुख्य नियम तुम्ही स्वतः काढू शकता. दोन फेकींनंतर आपण +२, ०, ०, −२ यांपैकी कुठे तरी असतो. अंतरांचे वर्ग करून त्यांची सरासरी घ्या: ८ भागिले ४, म्हणजे २. तीन फेकींच्या आठ शक्यता मांडून हेच करा. सरासरी ३ येईल. n फेकींनंतर वर्गांची सरासरी n, म्हणून सुरुवातीपासूनचे ठोकळ अंतर √n. शंभर फेकींत सुमारे दहा पायऱ्या, चारशे फेकींत सुमारे वीस.

पण शेअर बाजार म्हणजे निव्वळ नाणे नव्हे. शेअर म्हणजे एखाद्या कंपनीच्या मालकीचा लहानसा भाग. कंपन्या माल बनवतात, विकतात, नफा मिळवतात. त्यातला काही लाभांश म्हणून वाटतात आणि उरलेला धंद्यात घालतात. शिवाय महागाईने रुपयातले सगळेच आकडे फुगत जातात. त्यामुळे पुष्कळ कंपन्यांची मिळून सरासरी घेतली, तर तिला वर जाण्याची एक मंद ओढ असते. न्हावा शेव्याच्या डब्यांच्या आकड्यांना जी ओढ आहे, त्याच जातीची. मुंबई शेअर बाजार ही १८७५ साली स्थापन झालेली संस्था. तिचा ‘सेन्सेक्स’ हा निर्देशांक ३० मोठ्या कंपन्यांचा मिळून असतो. १९७८-७९ साली तो १०० होता असे धरतात आणि १९८६ पासून तो प्रसिद्ध होऊ लागला.

आता थोडे अंकगणित. समजा, ही ओढ वर्षाला १० टक्के आहे. वर्षात कामाचे दिवस अडीचशे धरले तर रोजची ओढ झाली ०.०४ टक्का. आणि समजा, रोजची थरथर, म्हणजे वर किंवा खाली होणारा यादृच्छिक हेलकावा, १ टक्का आहे. म्हणजे ओढ थरथरीच्या पंचविसाव्या भागाइतकी! एका दिवसात ती दिसणे शक्यच नाही. वाऱ्याने हलणाऱ्या होडीच्या कडेवर खूण करून भरती मोजावी, तसे ते होईल.

दिवस जसे वाढतात तशी ओढ मात्र सरळ बेरजेने वाढते, आणि थरथर वर्गमुळाने. चक्रवाढीची गुंतागुंत बाजूला ठेवून ठोकळ हिशेब करू. एका वर्षात ओढ १० टक्के, थरथर √२५० म्हणजे सुमारे १६ टक्के. अजून थरथरच मोठी. अडीच वर्षांत, म्हणजे ६२५ दिवसांत, ओढ २५ आणि थरथरही २५. इथे दोघी बरोबरीत येतात. दहा वर्षांत ओढ १००, थरथर ५०. संभाव्यतेच्या कोष्टकावरून पाहिले तर या कल्पित बाजारात एका वर्षाअखेर तोट्यात असण्याची संभाव्यता सुमारे एक-चतुर्थांश, अडीच वर्षांनी एक-षष्ठांश, आणि दहा वर्षांनी चाळीस-पंचेचाळिसांत एक.

‘दीर्घ मुदत’ म्हणजे किती, या प्रश्नाला या हिशेबात उत्तर आहे. तो शब्द जाहिरातीतला नाही. ओढीने थरथरीवर मात करायला लागणारा तो काळ आहे. ज्या पैशांची तीन वर्षांत गरज पडणार आहे, मग ते बहिणीच्या लग्नासाठी असोत की तुमच्या महाविद्यालयाच्या फीसाठी, ते या चालीवर सोडणे म्हणजे नाणेफेक होय, बाजार उच्चांकावर असो वा नसो.

खऱ्या बाजाराची वही

कल्पित बाजार पुरे. खऱ्या वहीत काय लिहिले आहे?

८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. तो त्या वेळचा उच्चांक. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर होता. चौदा महिन्यांत ६१ टक्के घसरण! (एक सापळा लक्षात घ्या: ६१ टक्के घसरलेली किंमत पूर्ववत व्हायला ६१ टक्के वाढ पुरत नाही, १५६ टक्के लागते. पाया बदलला की टक्का बदलतो.) नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यांत, निर्देशांक पुन्हा २१ हजारांवर पोचला, मग परत खाली येऊन ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने नवा उच्चांक केला. जुलै २०२४ मध्ये तो ८० हजारांच्या वर बंद झाला. म्हणजे सर्वांत वाईट दिवशी, ऐन उच्चांकावर, पैसे घालून जो साडेसोळा वर्षे गप्प बसला, त्याचे पैसे ३.८ पट झाले. वार्षिक दर काढा, तो चक्रवाढीने सुमारे साडेआठ टक्के येतो, लाभांश निराळा. हा दर चांगला आहे, पण डोळे दिपवणारा नाही. मार्च २००९ च्या तळाला ज्याने घातले, त्याला सुमारे सोळा टक्के पडले. तेव्हा केव्हा घातले याला काहीच अर्थ नाही, असे कोणी सांगितले तर मानू नका. अर्थ आहे, पण तो तळ आहे हे त्या दिवशी ओळखण्याची खूण कोणाकडेच नव्हती.

‘थांबू आणि पडल्यावर घेऊ’ या विचाराचीही परीक्षा करू. एप्रिल २०१७ मध्ये निर्देशांक प्रथमच ३० हजारांवर बंद झाला. काका तेव्हा थांबले असते, तर? तो चढत चढत जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांपाशी गेला. मग साथ आली आणि २३ मार्च २०२० या एका दिवसात १३ टक्के कोसळून तो २६ हजारांखाली बंद झाला. काकांची ओहोटी आली खरी, पण तीन वर्षांनी, आणि तीही दोनेक आठवडेच टिकली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच निर्देशांक पुन्हा ३० हजारांवर होता. घराबाहेर पडण्याची बंदी, चहूकडे भीती, अशा त्या पंधरवड्यात किती जणांनी पैसे घातले असतील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

तो १३ टक्क्यांचा दिवस आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवा. रोजची थरथर १ टक्का असलेल्या आपल्या नाण्याच्या बाजारात असा दिवस विश्वाच्या वयातही येऊ नये. खऱ्या बाजारात तो आला. म्हणजे खरी चाल नाण्यापेक्षा रांगडी आहे, आणि कागदावरची ‘चाळिसांत एक’ ही संभाव्यता फार विश्वासाने घेऊ नये.

पुरावा हवा असेल तर तो मुंबईतच आहे. २२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर होता. आदल्या जुलैपासून वर्षही झाले नव्हते आणि तो तिपटीच्या आसपास चढला होता. रोखे घोटाळा उघडकीस आला, बाजार कोसळला. एप्रिल २००३ मध्ये, तब्बल अकरा वर्षांनी, निर्देशांक तीन हजारांच्याही खाली होता. दहा वर्षे थांबले की तोटा होत नाही, असे छातीठोक सांगणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवावेत. जपानची कथा याहून दारुण. ज्या १९८९ साली न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले, त्याच साली २९ डिसेंबरला तेथील निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोचला. तो उच्चांक पुन्हा ओलांडला गेला २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. मध्ये चौतीस वर्षे गेली. त्या दिवशी पैसे घालणारा तरुण निवृत्तीला आला.

मग २००८ चा उच्चांक आणि १९९२ किंवा जपानचा उच्चांक यांत फरक काय? आकड्याच्या उंचीत तो सापडणार नाही. भाव आणि नफा यांचे गुणोत्तर पाहावे लागते. ओढ निर्माण होते ती नफ्यातून. नफा एक रुपया असताना भाव पंधरा-वीस रुपये असेल तर एक गोष्ट. १९८९ च्या जपानात तो नफ्याच्या सुमारे साठपट होता. भाव म्हणजे नफ्याला रबराने बांधलेला फुगा समजा. फुगा पुढे धावू शकतो, पण रबर ताणले जाते. काकांची भरती-ओहोटी कुठे असलीच, तर ती या ताणात आहे, निर्देशांकाच्या आकड्यात नाही. मात्र चंद्राचे वेळापत्रक येथेही नाही. ताणलेले रबर वर्षानुवर्षे ताणलेलेच राहू शकते, आणि नफा वाढून फुग्याला गाठू शकतो. ताण जास्त असेल तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कमी मिळण्याची अपेक्षा ठेवावी. उद्या पडेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

एक कंपनी, उसना पैसा

येथवर आपण निर्देशांकाबद्दल बोललो. एकटी कंपनी ही निराळीच वस्तू आहे. निर्देशांकात खंगलेल्या कंपनीला वगळून नवी घेतात. १९८६ च्या यादीत बॉम्बे डाइंग, हिंदुस्थान मोटर्स आणि पद्मिनी मोटारी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होत्या; आज त्या तेथे नाहीत. निर्देशांकाचे नवे उच्चांक होत राहिले, या कंपन्यांच्या मालकांचे झाले नाहीत.

मुंबईने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून मुंबईत बँका व कंपन्यांचे पेव फुटले. त्यांतील बॅक बे रेक्लमेशन कंपनी समुद्र हटवून जमीन करणार होती. तिचा पाच हजार रुपये भरलेला एक भाग पन्नास हजारांच्या आसपास गेला, तेव्हा ती जमीन अजून पाण्याखालीच होती! १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध थांबले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा पुरे करायला कोणापाशी पैसे नव्हते. कंपनी बुडाली, तिचे भाग कवडीमोल झाले. जी बाजारात परत कधी उभीच राहिली नाही, तिच्या बाबतीत दीर्घ मुदत म्हणजे काय?

१८६५ आणि १९९२ या दोन्ही वेळी सौद्यांमागचा पुष्कळसा पैसा स्वतःचा नव्हता. याचेही गणित सोपे आहे. स्वतःचे एक लाख आणि कर्जाचे दोन लाख मिळून तीन लाखांचे शेअर घेतले, आणि भाव एक-तृतीयांशाने उतरला, की तुमचा लाख संपला. कर्ज देणारा शेअर विकून आपले पैसे काढून घेतो. नंतर भाव दुप्पट झाला तरी तुम्हाला काय त्याचे? नाण्याच्या खेळात एखाद्या पायरीवर भिंत उभी करा आणि नियम करा की तिला टेकलात तर वही बंद. कितीही अनुकूल ओढ असली तरी काही वह्या भिंतीशी बंद होतातच. स्वतःच्या, सध्या न लागणाऱ्या पैशाला अशी भिंत नसते.

एकदम की हप्त्याने?

त्या विद्यार्थ्याच्या बाबांपुढचा शेवटचा पेच हा. सगळी रक्कम आज घालावी, की दरमहा थोडी थोडी? हप्त्याच्या बाजूने एक युक्तिवाद फार ऐकू येतो, आणि तो तुमच्या गणिताच्या पुस्तकातील एका जुन्या उदाहरणाचा भाऊ आहे. पनवेलहून उरणला ताशी ४० किलोमीटर वेगाने गेलो आणि ६० ने परत आलो, तर सरासरी वेग ५० येत नाही, ४८ येतो. कारण कमी वेगाच्या प्रवासात वेळ जास्त जातो. तसेच, दरमहा हजार रुपयांचे शेअर घेतले आणि भाव १००, ५०, १०० असे असले, तर आपल्याला १०, २०, १० असे चाळीस शेअर मिळतात. सरासरी खरेदी ७५ रुपयांना पडली, भावांची सरासरी मात्र ८३ रुपयांहून अधिक. स्वस्त असताना आपोआप जास्त नग येतात.

हे खरे आहे. पण यात जादू नाही. भाव १००, ८०, ६० असे उतरत गेले तर सरासरी खरेदी ७६ रुपये ६० पैशांना पडेल, भावांच्या सरासरीपेक्षा (८०) स्वस्तच, आणि तरीही हातातला शेअर ६० चा! हरात्मक मध्य गणिती मध्यापेक्षा कमी असतो, एवढेच यातून सिद्ध होते. नफा सिद्ध होत नाही. उलट, ओढ वरच्या दिशेने असेल तर बाहेर थांबलेला पैसा तेवढी ओढ गमावतो. सरासरीने पाहता एकदम घालणारा थोडा पुढे राहतो.

तरीसुद्धा माझे मत हप्त्याच्या बाजूचे आहे, आणि कारण सरासरीत नाही. सरासरी अनेक वह्यांची असते. त्या घराजवळ एकच वही आहे. सर्व रक्कम एका दिवसावर लावली आणि तो दिवस ८ जानेवारी २००८ निघाला, तर चौदा महिन्यांनी शंभराचे एकोणचाळीस झालेले पाहून माणूस घाबरून विकून टाकतो, आणि मग पुढची पंधरा वर्षे त्याच्या उपयोगाची राहत नाहीत. दोन-तीन वर्षांत विभागून घातली तर त्या एका दिवसाचे वजन कमी होते. हा विमा आहे, आणि त्याची किंमत म्हणजे गमावलेली थोडी ओढ. किती रक्कम घालावी, याचा माझा हिशेब असा: घरखर्चाचे, आजारपणाचे आणि पुढच्या पाच-सात वर्षांतल्या ठरलेल्या कामांचे पैसे बँकेत किंवा पोस्टात बाजूला काढावेत. उरलेल्या पैशाचे निम्मे झाले तरी चूल पेटत राहील का, हे विचारावे. ‘होय’ असे उत्तर येईल तेवढीच रक्कम या चालीवर सोडावी, आणि तीही एका कंपनीत न घालता निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या थोड्या थोड्या घेणाऱ्या निधीत. आकडा उच्चांकावर आहे की नाही, हा प्रश्न या हिशेबात कुठे आलाच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. एका डब्यात वीस चिठ्ठ्या घाला. अकरांवर ‘वर’, नवांवर ‘खाली’ लिहा. वर्गाचे आठ गट करा. प्रत्येक गटाने चिठ्ठी काढायची, पायरी लिहायची, चिठ्ठी परत डब्यात टाकून ढवळायची. असे शंभर वेळा. येथे ओढ पायरीच्या दहाव्या भागाइतकी आहे, म्हणून ओढ व थरथर शंभराव्या चिठ्ठीला बरोबरीत येतात. नाण्याच्या वहीपेक्षा चांदण्या जास्त दिसतील. चारशे चिठ्ठ्यांपर्यंत चिकाटी टिकली तर त्या सरासरीने चाळिसांच्या पुढे जातील. पण शंभराव्या चिठ्ठीला आठांपैकी एखादा गट शून्याच्या खाली उभा असण्याचा संभव मोठा आहे. डब्यात काही लबाडी आहे, अशी त्या गटाची तक्रार येईल. चिठ्ठ्या त्यांच्यासमोर पुन्हा मोजून दाखवा आणि त्यांचा आलेख इतर सातांच्या शेजारी फळ्यावर काढा.